पावसाळ्यात पाहिलेलं खळं

चूक माझीच होती, आणि ती मी भर ग्रामसभेत, माईक हातात घेऊन केली होती.

आमच्या बंगल्यांच्या वसाहतीला गाड्या ठेवायला जागा हवी होती. रस्त्यापलीकडे समुद्राच्या बाजूला कोळीवाड्याचं खळं आहे, म्हणजे मासे सुकवायचं मोकळं मैदान. जमीन सरकारी. गावाच्या नव्या आराखड्यात तिथे वाहनतळ दाखवावा, असा ठराव वसाहतीने मांडला. सरपंचांनी विचारलं, जागा वापरात आहे का? मी उभा राहिलो. "मी स्वतः पाहून आलोय. गुडघाभर गवत आहे. पडीकच आहे." मंजुरी पुढच्या सभेत द्यायची ठरली.

गवत खरंच होतं. पण मी गेलो होतो श्रावणात, नारळी पौर्णिमेआधी, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना. माझं गाव तळा, तिकडे डोंगर आणि भातशेती. नोकरी न्हावा शेव्याला. पावसाळ्यात मासेमारी बंद असते हे मला ठाऊक होतं, कारण तेव्हा मासळी महागते. मासेमारी बंद म्हणजे सुकवणंही बंद, एवढं साधं डोक्यात आलं नाही. की येऊ दिलं नाही? वाहनतळ झाला की खिडकीत येणारा वास जाईल, याचा मला आनंद झाला होता. सुक्या बोंबलाची चटणी मात्र आमच्या घरात रोज लागते.

ती चटणी ज्यांच्या बोंबलांची, त्या कोळीण मावशी दिवाळीच्या सुमारास दारात आल्या. डोक्यावर पाटी नव्हती.

"भाऊ, तुमची गच्ची पडीक हाय ना?"

"पडीक कशी असेल, मावशी?"

"पावसात तिच्यावर कधी पापड दिसले न्हाईत मला."

स्वयंपाकघरातून बायको मोठ्यांदा हसली. मावशींनी मला तसंच, घरातल्या चपलांवर, खळ्यावर नेलं. गवताचा पत्ता नव्हता. बांबूंवर बोंबलांच्या रांगा उन्हात चकाकत होत्या आणि बायका मासळी उलटता उलटता माझ्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारत होत्या.

"हे गेलं तर माझा धंदा बसला. बोंबील कुठं टांगू? तुमच्या गाडीच्या आरशाला?"

"मला माहीत नव्हतं."

"मग इचारायचं. मी तर रोज तुमच्या दारात हाय."

तिथून मी थेट वसाहतीच्या कार्यालयात गेलो आणि खळं वापरात असल्याचं सांगितलं. वसाहतीचे अध्यक्ष म्हणाले, "आता गप्प बसा, ठराव होतच आलाय." पुढच्या ग्रामसभेला मी त्यांच्या शेजारी बसलो. मी बोलायला उठताना त्यांनी माझा शर्ट धरला, तो मी सोडवून घेतला.

"खळं पडीक आहे असं मी सांगितलं, ते चूक होतं. मी श्रावणात पाहिलं होतं."

सभा खो-खो हसली. मागून कोणी म्हणालं, "साहेब, शिमग्याला गणपती शोधू नका." सरपंचही हसले, पण त्यांनी तिथल्या तिथे हात वर करायला लावले. खळं खळंच राहील असं ठरलं. वाहनतळाला वसाहतीच्या आतला, बागेसाठी ठेवलेला तुकडा घ्यावा, असं सुचवलं गेलं. अध्यक्षांचा चेहरा पडला. मला हलकं वाटलं आणि मी खाली बसायला लागलो.

मावशी उठल्या. "बसू नका, भाऊ. ते सभेला सांगितलंत. आमच्याकडं बघून बोला."

मी बायकांच्या बाजूला वळलो. "मावशी, तुम्हाला न विचारता तुमच्या पोटावर पाय येईल असं बोललो. मला माफ करा."

"मोठ्यानं. मागं म्हाताऱ्या बसल्यात, त्यांना ऐकू येत न्हाय."

मी माईक मागून घेतला आणि पुन्हा म्हणालो, "मला माफ करा."