कुठल्या उतेकरणीचं रक्त?

महाडात त्या दवाखान्यात जाऊन कुणालाही विचारा, लॅबवाल्या राजश्रीताई कुठं बसतात. तो तुम्हाला जिन्याखाली नेऊन सोडेल. हो, जिन्याखालीच! वर डॉक्टरांची केबिन, केबिनला एसी, एसीखाली फिशटँक. आणि ज्या खोलीतल्या कागदांवर सगळा दवाखाना चालतो ती खोली जिन्याखाली, मान वाकवल्याशिवाय आत शिरता येत नाही अशी. सव्वीस वर्षं राजश्री तशीच आत शिरतेय. पण आत गेल्यावर तिनं कुणापुढं मान वाकवल्याचं मात्र कुणी पाहिलेलं नाही.

रक्त ती काढते, तपासते, शंका आली तर दुसऱ्यांदा तपासते. रक्ताच्या पिशव्यांच्या फ्रीजची किल्ली तिच्याच कमरेला असते. आणि रिपोर्टाखाली सही कुणाची? पनवेलच्या एका मोठ्या पॅथॉलॉजिस्टची, तीही कॉम्प्युटरातून छापलेली. ते गृहस्थ महिन्यातून एकदा येतात, चहा घेतात, फिशटँक बघतात आणि जातात. पेशंट घरी जाऊन कौतुकानं सांगतो, पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं हो माझं रक्त. डोंबलाचं तपासलं! पुराच्या वर्षी खोलीत गळ्याएवढं पाणी शिरलं, तेव्हा मायक्रोस्कोप डोक्यावर घेऊन जिना कोण चढलं होतं, पनवेलकर?

ती तुडीलची, गोमाजी शेतकऱ्याची थोरली पोर. बारावी झाल्यावर लॅबचा कोर्स करायला मुंबईला निघाली तेव्हा भावकीनं नाकं मुरडली. पोरीच्या जातीनं परक्या माणसांचं रक्त न् मूत हाताळायचं, हे काय शिक्षण झालं? गोमाजी फार बोलणारा गडी नव्हता. तो तिची ट्रंक डोक्यावर घेऊन वीर स्टेशनापर्यंत चालत गेला आणि गाडी सुटेपर्यंत उभा राहिला. पुढं दासगावात तिचं लग्न झालं. तिथं सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरून नवऱ्याच्या हाती अंगठी दिली आणि रश्मी असं नाव लिही म्हणाले. आपल्याकडची रीतच ती. नवी नवरी घरात आली की तांदळात नवं नाव उमटतं आणि वीस-बावीस वर्षांचं जुनं नाव सुपात जातं. राजश्री सासूला म्हणाली, माझ्या सर्टिफिकेटावर राजश्री हाय, तेवढं बदलून आणा, मग हवं ते लिवा. सासू चार महिने बोलली नाही. नाव राहिलं.

तिच्या हाताखाली तीन पोरी शिकून गेल्या. एक पोलादपुरात स्वतःची लॅब चालवते, एक माणगावात आहे, तिसरी पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात दहा जणांवर मुकादमी करते. तिघीही अडल्या की अजून तिलाच फोन लावतात. दरसाल आठ मार्चला दवाखान्यात महिलादिन होतो. बाहेरून पाहुणे येतात, स्त्रीशक्तीवर तास-तासभर बोलतात आणि राजश्रीला एक गुलाबाचं फूल मिळतं. फूल घेऊन ती परत जिन्याखाली.

तर, गेल्या भाद्रपदातली गोष्ट. गौरी-विसर्जनाचा दुसरा दिवस, दुपारची वेळ. पोलादपूरवरच्या डोंगरातल्या एका वाडीतून बनुबाई सकपाळ आपल्या लेकीला घेऊन आली. पहिलं बाळंतपण म्हणून लेक माहेरी आलेली. जावई, मंगेश उतेकर, मुंबईचा. गणपतीला आला होता तो थांबला होता. मुलगी झाली, रडली, सगळं नीट झालं. आणि मग बाळंतिणीचं रक्त थांबेना.

डॉक्टर स्वराज म्हणजे दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांचा मुलगा. हुशार, हाताला चपळ, पण नाकाच्या शेंड्यावर राग. त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली आणि खाली निरोप धाडला, रक्ताची पिशवी ताबडतोब वर पाठवा. नर्स रक्ताच्या नमुन्याची एक बाटली आणि मागणीचा फॉर्म घेऊन धावत आली. बाटलीवर चिठ्ठी होती, स्नेहल सकपाळ. फॉर्मवर नाव होतं, श्रुतिका मंगेश उतेकर, रक्तगट बी पॉझिटिव्ह.

राजश्रीनं बाटली हातातसुद्धा घेतली नाही. नावं दोन, मग हे रक्त कुणाचं? नर्स म्हणाली, ताई, बाई एकच हाय, आईनं एक सांगितलं न् नवऱ्यानं दुसरं. तेवढ्यात इंटरकॉमवर डॉक्टर. माहेरचं नाव स्नेहल, सासरचं श्रुतिका, एवढं साधं कळत नाही का, मुंबईच्या फाइलमध्ये रक्तगटाचा कागद आहे, बी ची पिशवी काढा आणि पाठवा. राजश्री म्हणाली, तो कागद आधी मला दाखवा.

कागद आला. मुंबईतल्या कुठल्याशा लॅबचा, रंगीत छपाईचा, वर लाल थेंबाचं चित्र. नावाच्या जागी लिहिलं होतं, सौ. उतेकर. बस्स. वयाच्या जागी रेघ. राजश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, हे काय नाव झालं? एकट्या पोलादपूर तालुक्यात सौ. उतेकर शेकड्यांनी मिळतील, त्यातल्या कुणाच्या अंगातलं रक्त हे?

ती तशीच जिना चढून वर गेली. डॉक्टर दारातच उभे. घाम, हातमोज्यांवर रक्त, आवाज चढलेला. हा माणूसही भ्यालेला होता, हे तिला दिसत होतं.

"ताई, पोरगी हातातून चाललीय. तिला काही झालं तर तुमच्यावर येईल. लिहून देता?"

"देते. मला दहा मिनिटं द्या."

आणि तिनं खरंच लिहून दिलं. फॉर्म उलटा केला, नमुन्याच्या नावात तफावत, नवा नमुना तपासल्याशिवाय रक्त देणार नाही, असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावानं सही ठोकली. सव्वीस वर्षांत त्या दवाखान्याच्या कागदावर तिची ही पहिली सही. जबाबदारी घ्यायची वेळ आली तेव्हा बरी सही चालली तिची! रिपोर्टावर नाही चालत.

खाटेवर पोर पडलेली, ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. राजश्रीनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि विचारलं, बाय, तुझं नाव काय? बनुबाई म्हणाली, स्नेहल. मंगेश म्हणाला, श्रुतिका. दोघंही एकाच वेळी. राजश्री त्यांच्याकडं न बघताच म्हणाली, तुमची रक्तं नाय काढायची मला, तिला बोलू द्या. पोरीनं डोळे उघडले. आईकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं.

"कंचं सांगू?"

मरणाच्या दारात पडलेली बाई, आणि तिला पडलेला प्रश्न काय, तर आपलं नाव कंचं सांगू! राजश्रीला संताप आला. कुणावर संतापायचं? त्या ताटातल्या तांदळावर, की अंगठी हातात देणाऱ्यांवर, की हौसेनं हसत बघणाऱ्या सगळ्या मांडवावर? पण ती वेळ भांडायची नव्हती. ती म्हणाली, दोन्ही सांग, मी दोन्ही लिवते. पोरीनं सांगितली. राजश्रीनं स्वतःच्या हातानं रक्त काढलं, तिथंच, तिच्यासमोर चिठ्ठी लिहून बाटलीला चिकटवली आणि खाली धावली.

पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर तिनं रक्ताचे थेंब टाकले. प्रत्येक थेंबात गट ओळखायचं औषध घातलं आणि काडीनं हलवलं. एच्या औषधात रक्त फाटलं, लिंबू पडलेल्या दुधासारखे कण कण झाले. बीच्या औषधात जसंच्या तसं, गुळगुळीत. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. पोरगी ए पॉझिटिव्ह होती. त्या रंगीत कागदावरच्या बी ची पिशवी तिला चढली असती, तर तिचं स्वतःचं रक्त त्या परक्या रक्तावर तुटून पडलं असतं, मूत्रपिंडं बसली असती. आणि मग सगळे म्हणाले असते, बिचारीचं बाळंतपण अवघड होतं.

डॉक्टर स्वराज स्वतः खाली आले. मान वाकवून आत शिरले, फरशीवरचे कण बघितले. राजश्रीनं ए ची पिशवी काढली, पोरीच्या रक्ताशी ताडून बघितली आणि त्यांच्या हातात दिली. ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. दिवे लागायच्या आत रक्त थांबलं, पोरीच्या ओठांवर रंग आला आणि तिनं लेकीला मागून घेतलं.

वर काय झालं ते विचारूच नका. बनुबाई डॉक्टरांच्या पाया पडली. मंगेशनं पेढे आणले, डॉक्टरांबरोबर फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला, देवमाणूस म्हणून. जिन्याखाली एक पेढा आला, तोही नर्सच्या हातून. डॉक्टरांना लाज नव्हती असं नाही. जाताना ते दारात थांबले आणि हळूच म्हणाले, ताई, आज तुम्ही होतात म्हणून. राजश्री म्हणाली, हे वर मोठ्यानं बोला. ते नुसते हसले आणि गेले.

पण त्या फोटोचं तिला एवढं काही वाटत नव्हतं. तिचा जीव दुसरीकडंच अडकला होता. तो रंगीत कागद अजून टेबलावर पडला होता. ह्या पोरीचा तो नव्हता. मग ज्या बाईचा होता, ती कुठं आहे? तिनं मंगेशला खाली बोलावून घेतलं आणि कागद पुढं केला. मंगेश म्हणाला, जाऊ द्या ना मॅडम, लॅबवाल्याची मिस्टेक असंल, आता सब ठीक हाय ना. राजश्रीनं विचारलं, त्या दिवशी बायकोबरोबर आणखी कोण गेलं होतं? मंगेश मग म्हणाला, वहिनी. दोघींना दिवस गेलेले, म्हणून आईनं दोघींना एकाच दिवशी नेलं. दोन कागद आले, दोन्हींवर सौ. उतेकर. आईनं एकेक उचलून एकेकीच्या फाइलीत घातला.

"वहिनी कुठं हाय आता?"

"मुंबईलाच. सातवा चालू हाय तिला."

राजश्री खुर्चीवरून उठलीच. म्हणजे मुंबईत एक बाई पोटात सात महिन्यांचं पोर घेऊन फिरतेय. तिच्या अंगात बी आणि फाइलीत ए. उद्या तिला रक्त लागलं, तर फाइल उघडून कोण काय चढवेल? तिनं मंगेशला फोन लावायला सांगितलं. तो म्हणाला, आत्ता नको, उगाच टेन्शन घेईल ती. राजश्री म्हणाली, लाव म्हणते ना.

त्यानं घरच्या लँडलाइनला लावला आणि फोन तिच्या हातात दिला. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, मग एका तरुण बाईचा.

"हॅलो, सौ. उतेकर बोलते."

"ते ठाऊक हाय मला. तुझं नाव सांग, बाय."

पलीकडं नळ बंद झाला. "माझं? थांबा हां, यांच्याकडं देते."

"यांच्याकडं नको देऊ," राजश्री म्हणाली, आणि तिचा आवाज जिन्याबाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू गेला. "रक्त यांचं नाय, तुझं हाय. तूच सांग."

मग अगदी हळू, घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, ती म्हणाली, "सेजल."

राजश्रीनं पेन उचललं, त्या रंगीत कागदावरचं सौ. उतेकर आडव्या रेघेनं खोडलं आणि म्हणाली, "ऐक सेजल, तुझ्या फाइलीतला कागद खोटा हाय."