राक्षसाची चेन

माझी नात कानात ती पांढरी बोंडं घालून भांडी घासते आणि मधेच एकटीच हसते. आधी मला वाटायचं, फोनवर कोणी पोरगा असेल. बोललो नाही, पण लक्ष ठेवून होतो. एका रविवारी सकाळी ती इतकी हसली की हातातलं पातेलं खाली पडलं. मी विचारलं, "काय गं, कोण आहे?"

"कोणी नाही रे आबा. पॉडकास्ट आहे."

"म्हणजे?"

"रेडिओसारखं. अंधेरीचा एक मुलगा आणि एक मुलगी आहेत. वाईट पिक्चरांवर बोलतात. पिक्चर जितका भंगार, तितकी मजा."

मला पटेना. चांगल्या पिक्चरवर बोलायला कोणाला वेळ नाही आणि ही पोरं भंगारावर तासभर बोलतात. मी म्हटलं, ऐकव बघू. तिने एक बोंड माझ्या कानात घातलं. मुलगा सांगत होता, "आणि मग राक्षस वळतो. पाठीवर काय? चेन! मानेपासून कमरेपर्यंत उघडी चेन, आणि आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी!" मुलगी हसून हसून खोकत होती. "अरे राक्षस कसला, पायपुसणं आहे ते! चालतं पायपुसणं!"

मी बोंड काढून ओट्यावर ठेवलं.

"पायपुसणं नव्हतं ते," मी म्हणालो. "सोलापुरी घोंगडी होती. मी शिवलंय ते."

"काहीही काय आबा!"

"ती चड्डीसुद्धा मीच शिवलीय."

नातीने नळ बंद केला. त्या दिवशी भांडी तशीच राहिली आणि सुनेची बोलणी आम्ही दोघांनी मिळून खाल्ली.

आता आम्ही मुलुंडला राहतो, पण माझं दुकान वाकोल्याला होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मशीन, इस्त्री आणि मी, चौथा माणूस आला की त्याला बाहेर उभं राहून माप द्यावं लागे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पास झालो की नाही मला आठवत नाही. पण आख्खा वाकोला मला मास्तर म्हणायचा. माझी कटिंग बघून लोक विचारायचे, कुठे शिकलात. मी सांगायचो, कुठे नाही, हातात आहे. हे मी तेव्हाही सांगायचो आणि आत्ताही सांगतो.

दुकानाच्या मागच्या खोलीत माझा दोस्त राहायचा. मरोळला एका कारखान्यात लेथवर होता. सहा फुटांच्या वर उंची, दारातून वाकून यायचा. पिक्चरचं भयंकर वेड. रविवारी बघून यायचा आणि सोमवारी सगळा पिक्चर मला करून दाखवायचा, हिरो तोच, व्हिलन तोच, हिरॉईनची आईसुद्धा तोच. मरताना तर असा मरायचा की गिऱ्हाईकं कपडे विसरून बघत राहायची. "मास्तर," म्हणायचा, "एकदा कॅमेऱ्यापुढे उभा राहिलो ना, मग लेथ गेला खड्ड्यात."

आणि तशी वेळ आली. एका भुताखेताच्या पिक्चरचा कपडेवाला मधेच काम सोडून गेला. त्यांच्या माणसाला कोणी तरी माझं दुकान दाखवलं. त्याला राक्षस शिवून हवा होता, आठ दिवसांत. मी म्हटलं, शिवतो. तो म्हणाला, आत घालायला उंच माणूसही बघायचाय. मी मागे वळून हाक मारली.

तो राक्षस कसा शिवला ते सांगतो, कारण हसणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. आतून गोणपाट. त्यावर काळ्या घोंगड्या फाडून, पिंजून, केसांसारख्या ओळीने टाचलेल्या. पाठीला लांब चेन लागणार होती. तेवढी लांब काळी चेन मिळेना, शेवटी रिक्षाच्या सीटकव्हरवाल्याकडून पितळी आणली. पितळ चमकतं, म्हणून तिच्यावर घोंगडीचीच पट्टी आणि पट्टीला सात हुक. चेन ओढली, हुक लावले, की पाठ नुसती केसाळ. पंजे मी बाहीलाच जोडून टाकले, मनगटाची चामडी दिसायला नको म्हणून. बोटं वेगळी नाहीत, गोणीच्या कोपऱ्यासारखा एकच पंजा. दोस्त एकदा आत शिरला की त्याला पाणीसुद्धा मी पाजायचो. मुखवट्यातून गुरगुर तेवढी बाहेर येई, शब्द कळत नसत, म्हणून आम्ही खूण ठरवली होती. त्याने पंजा पाठीवर आपटला की मी जाऊन चेन बघायची.

शूटिंग आरेच्या झाडीत होतं. सीन रात्रीचा, पण घ्यायचे दुपारी दोनला. कॅमेऱ्यापुढे निळी काच धरली की रात्र झाली. ही पोरं हसतात ते खरं आहे, त्या रात्रीत सगळ्यांच्या सावल्या पडल्यात. चार दिवस झकास गेले. दोस्त असा गुरगुरायचा की हिरॉईन खरोखर दचकायची. पाचव्या दिवशी तर हिरोने मला बोलावून घेतलं. म्हणाला, राक्षसाची फिटिंग इतकी चांगली, तर माझा एक सफारी शिवाल का? झाडाखाली खुर्चीत बसलेल्या हिरोचं मी माप घेतलं. गळ्यातली टेप काढून त्याच्या खांद्यावर टाकली. ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलोय.

त्याच दुपारी तो शॉट झाला. राक्षस वळला आणि पाठ सताड उघडी. पितळेवर ऊन पडून डोळे दिपत होते. डायरेक्टर ओरडला, पण फिल्म संपली होती आणि पुन्हा घ्यायला ती शिल्लक नव्हती. मी धावत गेलो, मुखवटा काढला. आत दोस्त घामाने निथळत होता. डायरेक्टरने विचारलं, चेन कोणी उघडी टाकली? मी तोंड उघडायच्या आत दोस्त म्हणाला, "मी उघडली साहेब. आत जीव घाबरा झाला."

त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. उरलेल्या सीनमध्ये दुसरा कोणी तरी घातला, बुटका होता, राक्षसाचे पाय लोंबायचे. दोस्ताला परत कोणी बोलावलं नाही. मला मात्र त्याच लोकांकडून आणखी चार पिक्चरांचं काम मिळालं, जिन्याखालून मी रस्त्यावरच्या गाळ्यात आलो.

पिक्चर लागला तेव्हा आम्ही दोघं घाटकोपरला बघायला गेलो होतो. तो सीन जवळ आला तसा मी उठलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. माझं काम असं उघडं पडलेलं मला बघायचं नव्हतं. आतून लोकांच्या हसण्याचा आवाज आला, त्यात दोस्ताचा सगळ्यांत मोठा होता. बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, "तू चेन उघडली नसतीस ना, तर आज स्टार असतास." तो म्हणाला, "खरंय मास्तर." पुढे तीसेक वर्षं मी हे वाक्य त्याला ऐकवलं. लग्नात ऐकवलं, त्याच्या रिटायरमेंटला ऐकवलं. दर वेळी तो हसून म्हणायचा, "खरंय मास्तर." तो जाऊन आठ वर्षं झाली.

तर नातीने त्या पोरांना फोनवरून कळवलं की राक्षसाचा टेलर आमच्या घरी आहे. त्यांचा विश्वास बसेना. मग मीच फोन घेऊन हुकांची संख्या सांगितली. पुढच्या रविवारी दुपारी ते अंधेरीला एका छोट्या हॉलमध्ये तोच पिक्चर लावणार होते. म्हणाले, आजोबा, तुम्ही याच, आधी गप्पा मारू, मग पिक्चर बघू. मी ठरवून गेलो होतो की सगळ्यांसमोर सांगायचं, शिवणाऱ्याची चूक नव्हती, घालणाऱ्याची होती. माझ्या हातावर कोणी हसायचं नाही. स्वतः शिवलेला राखाडी सफारी घातला. नात म्हणाली, "आबा, भारी दिसतोयस." मी म्हटलं, माहिती आहे.

हॉलमध्ये शंभरेक पोरं असतील. कितीतरी जणांच्या टीशर्टवर, पाठीवर, चेन छापलेली. एकाला मी वळायला लावलं आणि नीट बघितली. "रनर वरच्या टोकाला आहे," मी म्हणालो. "म्हणजे ही बंद चेन झाली. उघडी दाखवायची तर रनर खाली पाहिजे." त्याने लगेच दोस्तांना हाक मारली, "अरे ए, आपली चेन चुकलीय! साक्षात मास्तर सांगतायत!" मला मास्तर म्हणाला. किती दिवसांनी.

मला माईक दिला. उंच, दाढीवाला मुलगा आणि ती हसणारी मुलगी माझ्या दोन्ही बाजूंना बसली. समोर रेकॉर्डिंग चालू होतं. मी घोंगड्या सांगितल्या, हुक सांगितले, जोडलेले पंजे सांगितले. पोरं टाळ्या वाजवत होती. मग सांगितलं, "चेन माझ्याकडून उघडी राहिली नव्हती. आत माझा दोस्त होता. त्याला गरम झालं, त्याने उघडली. तो स्वतः बोलला होता तसं."

दुसऱ्या रांगेत एक चष्मेवाली मुलगी होती. हिने तो पिक्चर सतरा वेळा बघितलाय असं नंतर कळलं. तिने हात वर केला. "आजोबा, एक डाऊट आहे. पंजे बाहीला शिवलेले होते ना? बोटं नव्हती. मग त्यांनी पाठीवरची चेन उघडली कशी?"

चेष्टा करायला विचारलं नव्हतं तिने, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"उघडली असेल कशी तरी," मी म्हणालो. "गरम झालं की माणूस काहीही करतो. चाळीस वर्षं मशीन चालवलीय मी, मला शिकवू नका." पोरं हसली. दाढीवाला म्हणाला, चला, पिक्चर लावू या. दिवे गेले. मला पिक्चर दिसत होता पण मी बघत नव्हतो. मी मनात तो पंजा हातात घालून मागे नेत होतो, रनर पकडायचा प्रयत्न करत होतो. कसा पकडणार? त्या पंज्यात बिडी धरता येत नव्हती.

मग तो सीन आला. पोरं आधीच ताल धरून ओरडायला लागली, "चेन! चेन! चेन!" राक्षस वळला. पितळ चमकलं. चड्डी दिसली, निळे पट्टे, माझ्याच दुकानातलं कापड. आणि राक्षसाने पंजा मागे नेऊन पाठीवर आपटला. एकदा. दोनदा. आख्खा हॉल ओरडला, "खाजव रे खाजव!" पोटं धरधरून हसत होती पोरं.

तो खाजवत नव्हता. तो मला बोलवत होता. मास्तर, चेन बघ.

आणि मास्तर झाडाखाली हिरोच्या खांद्याचं माप घेत होते. जेवणाच्या सुट्टीत मीच चेन उघडली होती, मीच त्याला पाणी पाजलं होतं आणि हिरोचं बोलावणं आल्यावर मीच ती न लावता उठून गेलो होतो. आता सगळं आठवत होतं. आधीही आठवलं असतं. मी आठवूच दिलं नाही.

मी उभा राहिलो. "थांबवा," म्हणालो. नात घाबरली, "आबा, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "दिवे लावा, माईक द्या."

दिवे लागले. मी म्हणालो, "मघाशी चुकीचं सांगितलं. त्याने चेन उघडली नव्हती. माझ्याकडून उघडी राहिली. तो खाजवत नाहीये, मला खूण करतोय. मी हिरोचं माप घेत होतो. तो माझ्यासाठी खोटं बोलला. त्याचं काम गेलं, माझं राहिलं. आणि मी त्यालाच बोल लावत राहिलो."

कोणी हसलं नाही. मला ते हवं होतं की नको, सांगता येत नाही. मग मागून कोणी तरी म्हणालं, "मास्तर, तुम्ही चेन लावली असती तर आम्ही आज इथे आलोच नसतो." तेव्हा थोडं हसू फुटलं. दाढीवाल्याने हळूच विचारलं, "आजोबा, मघाचं कापून टाकू का?"

"कापू नको. दोन्ही ठेव."

पिक्चर पुन्हा लावायच्या आधी त्या चष्मेवालीने विचारलं, तुमच्या दोस्ताचं नाव पिक्चरच्या पाट्यांमध्ये आहे का? नव्हतं. बुटक्याचं होतं. तिने मला त्याचं नाव विचारून घेतलं आणि दाढीवाल्याने माईकवर ते मोठ्याने वाचलं. मग तो सीन परत पहिल्यापासून लावला. राक्षसाने पंजा आपटला तेव्हा या वेळी पोरं ओरडली, "मास्तर, चेन!" मी हात वर केला. दुसरं काय करणार.

आता नात तो सीन फोनवर लावून देते. परवा दुपारी जेवणानंतर मी खिडकीपाशी बसून बघत होतो. फोनमध्ये तो एवढासा, अंगठ्याएवढा. वळला, पंजा आपटला. मी त्याच्या कमरेवर बोट टेकवलं आणि मानेपर्यंत ओढलं. सगळं चित्रच सरकून गेलं आणि कोणी तरी डोसा करताना दिसायला लागलं.

"आबा, काय केलंस?" नात म्हणाली.

"चेन लावत होतो."

ती हसली नाही. फोन घेऊन तिने तो सीन परत लावून दिला आणि माझ्या शेजारी बसली. "हुकसुद्धा आहेत ना रे सात?" म्हणाली.