दैफल्लाचा डोंगर

गेल्या हिवाळ्यात दैफल्ला उम्म रुजूम डोंगराच्या घळीत घसरला आणि मोडकं मनगट घेऊन खाली उतरला. तेव्हापासून त्याच्या मुलांना एकाएकी बापाची काळजी वाटू लागली. सत्तरीचा माणूस दोर न लावता, अनवाणी, वालुकाश्माच्या उघड्या कड्यावरून थेट माथ्यावर जातो, हे त्यांना आत्ता दिसलं. इतकी वर्षं पर्यटकांना फिरवणाऱ्या आपल्या जीपच्या धुरळ्यात दिसलं नसावं.

“बाबा, आता पुरे,” थोरला राकान म्हणाला. “वर ठेवलंय काय एवढं?”

“वर तू नसतोस.”

राकानने मग टोळीतल्या वडीलधाऱ्या अबू मिसफरला गळ घातली. आम्हा बेदुइनांत पाहुण्याने कॉफीचा पेला न पिता खाली ठेवला, की त्याचं काही मागणं असतं, आणि यजमानाने ते ऐकायच्या आधीच ‘दिलं’ म्हणायचं असतं. नाही म्हणणाऱ्याला तोंड लपवायला अख्खं वाळवंट पुरत नाही. बेत सोपा होता. अबू मिसफर पेला खाली ठेवणार आणि म्हाताऱ्याचा डोंगर सुटणार.

पण शेजारचे तंबू काही बहिरे नसतात. दैफल्लाच्या कानावर गेलंच. त्याने कॉफीचा खलबत्ता पोत्यात कोंबला. अबू मिसफर आला, त्याला चहा मिळाला; चहाच्या पेल्याला ती रीत लागत नाही. परत आला, परत चहा. गावाला चघळायला महिनाभराचा विषय झाला. दैफल्लाची बायको फिद्दा बायकांत बसेनाशी झाली.

“अहो, लोक विचारतात, खलबत्ता वाजत नाही, तुमच्याकडे कुणी मेलंय का?”

“सांग, एकाने मरायला नकार दिलाय.”

चहा पिऊन पिऊन अबू मिसफर चिडला. त्याने बकरा कापला, सगळ्या भाऊबंदांना जेवायला बोलावलं. चारचौघांत दैफल्लाकडून कबूल करून घ्यायचं ठरलं होतं. मान म्हणून त्याने पहिला पेला स्वतःच्या हाताने दैफल्लाला दिला.

दैफल्लाने तो वाळूवर ठेवला.

“पी दैफल्ला, मागशील ते दिलं,” अबू मिसफर सवयीने बोलून गेला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. राकानने कपाळाला हात लावला.

“उम्म रुजूमवर जायला मला कुणी अडवायचं नाही. तू नाही, माझी पोरं नाहीत, या राखीव पार्कच्या ऑफिसातला साहेब नाही.”

“ऑफिस माझं नाही रे.”

“मग तुझं आहे तेवढं दे.”

“आणि पडलास तर?”

“वरच पुरा. खाली आणायची तसदी घेऊ नका.”

अबू मिसफरने पेला उचलून त्याच्या हातात दिला. “पी,” तो म्हणाला. “गार होतेय.”

दुसऱ्या दिवशी त्याच घळीत दैफल्लाच्या मनगटाने दगा दिला. तो टेकून बसला, मनगटाला, डोंगराला आणि राकानला एकेक शिवी हासडली, मग खडकाच्या फटीत खांदा घालून वर सरकला. उन्हं चढली तेव्हा तो माथ्यावर होता. खाली राकान दुर्बीण लावून उभा होता.

दैफल्लाने त्याच्याकडे पाठ केली आणि भाकरीची पुरचुंडी सोडली.