नाटकात नसलेला कुत्रा

कथेतल्या माणसाला आपली वरची खोली भाड्याने द्यायची की नाही, हे ठरल्याशिवाय मास्तरीणकाकू पान उलटू देत नसत. खऱ्या भाडेकरूंची परीक्षा त्याहून कडक. त्यामुळे कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीमागे त्यांच्या घराची ती खोली कायम रिकामी, आणि खिडकीत राखेचा थर.

मी अंगणवाडी सेविका. पर्यवेक्षिका व्हायला पदवी हवी होती आणि मराठी साहित्याच्या पेपरात मी दोनदा आपटले होते. वयाच्या अटीमुळे तिसरी खेप शेवटची. गाईड तोंडपाठ होतं, तरी नापास. म्हणून या निवृत्त शिक्षिकेचं दार वाजवलं.

"नायक स्वाभिमानी, करारी व कुटुंबवत्सल आहे," मी घडाघडा म्हटलं.

"काहून वं, तुह्या घरी जेवून गेला का तो?" काकू म्हणाल्या. "गाईडवाल्यानं सांगितलं अन् तू मानलं! पुस्तकात तो काय करून राहिला, ते दाखव मले."

कवितेतही सुटका नव्हती. चंद्राकडे बघून झुरणाऱ्याला त्यांनी दुसऱ्याच कडव्यात खोली नाकारली. "हा गच्चीवरून उतरत नाही. पाण्याची मोटर कोण बंद करंल?" मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पण झुरते कोणासाठी, ते एकदाही सांगत नाही. काहून, ते शोध."

अभ्यासाला एक नाटक होतं. पोरीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यातल्या म्हाताऱ्याने तिला घराबाहेर काढलेलं. रोज जेवताना तो एक ताट जास्तीचं वाढायला लावतो आणि कुणी विचारलं की खेकसतो, "कुत्र्यासाठी!"

"मी तं नाही देत याले खोली," मी म्हटलं. "पोटच्या पोरीले हाकलते!"

"नको देऊ. त्याचा कुत्रा कोणत्या रंगाचा आहे?"

मी तिन्ही अंक चाळले. काकू तोवर मेथी निवडत बसल्या. कुत्रा कुठेच नव्हता. साधं भुंकणंसुद्धा नाही.

"काकू, याच्या घरी कुत्राच नाही!"

"सापडला का नाही?" काकू म्हणाल्या. "माह्या वर्गातली पोरं 'कठोर पिता' लिहून मोकळी व्हायची."

पेपरात नेमका म्हातारा आला. गाईड विसरून मी त्या नसलेल्या कुत्र्यावर दोन पानं लिहिली आणि निकालापर्यंत पस्तावत राहिले. पास झाले.

संत्रा बर्फी घेऊन गेले. मधुमेहाला न जुमानता काकूंनी दोन तुकडे खाल्ले. "म्हाताऱ्यावर दोन पानं लिहिली. अन् त्याच्या बायकोवर?"

"ती तं नाटकात बोलतच नाही."

"मंग ते ताट रोज वाढते कोण? सकाळी घासते कोण?"

उत्तर काकूंनी सांगितलं नाही. तिसरा तुकडा उचलला.

त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. पर्यवेक्षिकेचा आदेश हाती आला तेव्हा दाखवायला जायचं घर उरलं नव्हतं. चहा करून घेतला, नाटक काढलं आणि फक्त त्या बाईवर नजर ठेवून पहिल्या अंकापासून वाचत गेले. परीक्षा नसताना मी वाचलेलं ते पहिलं पुस्तक.