वहिनींचे निळे बूट

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात घरीच होतो. "काका, आई गेली," एवढंच बोलून तो रडायला लागला. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "तोच आजार का रे?" "नाही... हार्ट. चहा पिता पिता." मी खुर्चीत बसलो, डोळे भरून आले, आणि तशातच मला अभिमान वाटला. ज्या आजाराला वहिनींनी एकदा घराबाहेर काढलं, त्याला त्यांनी शेवटपर्यंत परत पाऊल ठेवू दिलं नाही. याला आता दीड महिना झाला, पण तो अभिमान काही ओसरत नाही.

आमचं गाव पवनीजवळ. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी वहिनींना योनिमुखाचा कॅन्सर झाला. क्वचितच होणारा, डॉक्टर म्हणाल्या. हा शब्द मी पेपरात लिहितोय तो वहिनींच्या हुकमावरून. घरात सगळ्यांनी 'पोटाचं ऑपरेशन' म्हणायचं ठरवलं होतं. वहिनींनी मलाच बजावलं, "भाऊजी, तुमी पेपरात लिवता. माह्यावर कधी लिवलं त पोटाचं लिवू नका. जिथं होता तिथंच सांगा. नाही त बाया पोटच दाबत बसतीन." मी दीर माणूस, कानापर्यंत लाल झालो. त्या मात्र निवांत तांदूळ निवडत होत्या.

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी ती छोटी जखम काढून टाकली आणि निघताना सांगितलं, पसरलाच तर आधी जांघेत गाठ येईल; अंघोळीच्या वेळी रोज बोटांनी चाचपत जा, लागली की लगेच या. ऐकायला सोपं. पण आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या बायांच्या पायाला काही ना काही लागतंच. काटा जातो, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आणि मग जांघेत गाठ सुजते. तिला अवधान म्हणतात. शेकतात, विसरतात. त्या गाठीसाठी कोणी नागपूरची गाडी पकडत नाही.

वहिनी दरवर्षी रोवणीच्या ओळीत सगळ्यांच्या पुढे. त्यांनी त्या आषाढात जाहीर केलं, की यंदा बांधीच्या चिखलात उतरणार नाही. भाऊ चकित. "काहून? आता त बरी आहेस ना?"

"बरीच आहो. पण चिखलात गेली अन् गाठ आली, त थे कायची हाय कसं समजन? अवधान म्हणून मी शेकत बसीन, अन् थो आजार आत पसरत जाईन."

पवनीच्या बाजारातून त्यांनी शाळेतल्या पोरांसारखे निळे कॅनव्हासचे बूट आणले, मोजे आणले. लुगड्याखाली बूट घालून त्या बांधावर बसत, ओले झाले की चुलीपाशी वाळवत. बाया चिखलातून ओरडायच्या, "मॅडम, हजेरी घ्या!" वहिनी म्हणायच्या, "हसा, हसा. मार्क बी देते." मी त्या दिवसांत एकदा गेलो होतो. पुढे रोवणी चालली होती, आणि बसल्या जागी वहिनींची बोटं मांडीवर रोपं लावल्यासारखी हलत होती... मला पाहवलं नाही.

पोळ्याच्या आधी त्यांनी मला फोन केला. "भाऊजी, गाठ आली. लाखोरीच्या दाण्याएवढी." भाऊसुद्धा म्हणाला, अवधान असंल, थांबून पाहू. वहिनी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं भंडाऱ्यात माझ्या दारात हजर. नागपूरला मी पडद्याबाहेर उभा होतो. आतून डॉक्टरबाईंनी विचारलं, "पायाला काही लागलंय का?" बूट खाली पडल्याचा आवाज आला, मग वहिनींचा. "पाहा बाई. यंदा या पायांनी चिखल नाही पाहिला." बाईंनी बोटांच्या बेचक्यासुद्धा तपासल्या. ओरखडा नव्हता. गोळ्या देऊन घरी पाठवण्याचा विषयच निघाला नाही. त्याच दिवशी सुईनं तपासणी झाली. कॅन्सर त्या गाठीत पोचला होता, पण तेवढ्यातच होता. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक दिले. वेळेत सापडलं, असं बाई म्हणाल्या. सापडलं नव्हतं हो, वहिनींनी सापडवलं होतं!

जांघेतल्या गाठी काढल्यामुळे पुढे उजवा पाय कायमचा सुजला. त्या पायाला साधी जखमही होऊ द्यायची नाही, असं बाईंनी बजावलं आणि बूट जन्माचे झाले. जुने फाटले की नवे, पण निळेच. उजव्याची नाडी त्या काढून टाकत. त्याच बुटांनी त्या मुलाच्या लग्नात मिरवल्या, नातीला शाळेत सोडू लागल्या, आणि हळूच दुखणं सांगायला आलेल्या कितीतरी बायांना दटावून दवाखान्यात घेऊन गेल्या.

परवा मी गावी गेलो तेव्हा बूट ओसरीवर नेहमीच्या जागी होते. भाऊ आणि मी बोलत बसलो होतो. अचानक सर आली. भाऊ वाक्य अर्धं टाकून उठला, बूट उचलले, पदरासारखा पंचा त्यांच्यावर धरून आत नेले आणि चुलीपाशी ठेवले. मग म्हणाला,

"ओले राहिले त पायाले चिखल्या होतेत तिच्या."