मालाचं नुकसान

घाटातल्या वळणावर कोंबड्यांचा टेम्पो उलटला होता. पांढरी पिसं रस्ताभर उडत होती. चालक सुखरूप होता. मी तिथूनच फोनवर बातमी देत होतो.

"जीवितहानी?" उपसंपादकांनी विचारलं.

"नाही," मी सवयीनं म्हणालो.

तुटक्या पिंजऱ्यांतून कोंबड्या बाहेर काढणारी प्राणिमित्र कार्यकर्ती थांबली. "दादा, मग ह्या काय मेल्या नाहीत?"

तिचा प्रश्न मी फोनवर सांगितला. उपसंपादक हसले. "अरे, मालाचं नुकसान लिही ना!"

वर्षानुवर्षं मी तसंच लिहीत आलो होतो. माणूस वाचला की आमच्या लेखी कुणीच मेलेलं नसे.

तिनं एक कोंबडी मांडीवर घेऊन तिच्या चोचीत पाणी सोडलं. ते तसंच बाहेर ओघळलं. तिनं ओढणीनं चोच पुसली, कोंबडी रस्त्याकडेला ठेवली आणि पुढचा पिंजरा उघडला.