पुलावरची खाट

ठमाबाई मडावी चाळिसाव्या वर्षी दहावी पास झाली, तीही धाकट्या लेकाची पुस्तकं वाचून. गणितात दोनदा आपटली, तिसऱ्यांदा निघाली. जांभूळटोल्याच्या अंगणवाडीत ती बावीस वर्षं मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, झाडलोट करायची. सेविकेची जागा तीन वर्षं रिकामी पडलेली, त्यामुळे गाणी-गोष्टीही तीच शिकवायची. गाव तिला बाई म्हणायचं. कागदावर मात्र ती मदतनीसच. मरायच्या आधी कागदावर सेविका लागावं, एवढी एकच हाव तिने आयुष्यात धरली होती.

टोला तालुक्याच्या एटापल्लीपासून बराच आत, जंगलात. मधे नाला. पावसाळ्यात नाला फुगला की गाव पलीकडच्या दुनियेला मुकायचं. एका श्रावणात करिश्मा नावाच्या तरण्याताठ्या बाईला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी तो मेंदूत चढला. ती बरळायला लागली. चौघांनी तिला खाटेवर घातलं, खाट खांद्यावर घेतली. ठमाबाई बाजूने छत्री धरून चालत होती. नाल्याला छातीच्या वर पाणी. दिवसभर सगळे काठावर पाणी उतरायची वाट पाहत बसले. पाणी काही उतरलं नाही. करिश्मा तिथेच, खाटेवरच गेली. प्रेत काठावरूनच मसणवटीत नेलं.

करिश्माची पोरगी चंचल पाच वर्षांची. तिला दोन दिवस ठमाबाईने आपल्या घरी ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी पोरीने विचारलं, "बाई, माय कुठी हाये?"

ठमाबाईच्या तोंडून निघून गेलं, "दवाखान्यात. बरी झाली का येईल."

पोरीने मान डोलावली आणि पुढचा भात खाल्ला. त्या मान डोलावण्यापायी ठमाबाईला पुढे कधी खरं सांगवलं नाही. चंचलची आजी अंजनाबाई हिनेही तेच सांभाळून घेतलं.

हिवाळ्यात सुपरवायझर मॅडमचा निरोप आला. तालुक्याला 'टाकाऊपासून टिकाऊ' प्रदर्शन आहे, प्रत्येक अंगणवाडीने एक मॉडेल आणायचं, पोरांनी स्वतः केलेलं पाहिजे. ठमाबाईने घरोघर फिरून कचरा गोळा केला. बिस्किटांचे पुडे, सलाईनच्या बाटल्या-नळ्या, खताचं निळं पोतं, मोडक्या सायकलचे आरे, बाटल्यांची झाकणं. सगळा ढीग नऊ पोरांपुढे ओतला.

"काय बनवाचं?"

"आपलं गाव!" झिंगू ओरडला, आणि दुसरं कोणी काही सुचवायच्या आत दिव्यानीने निळं पोतं फाडून नालासुद्धा अंथरला.

आठ दिवस नुसता गलका. नाला किती रुंद, यावरून भांडण झालं. शेवटी नाल्याने निम्मा पुठ्ठा खाल्ला. घरं काडेपेट्यांची झाली. नाल्यापलीकडे ओआरएसच्या पाकिटांचा खोका ठेवला, तो दवाखाना. मग प्रश्न आला, तिथे जायचं कसं? नाल्यावर पूल नव्हता. असावा की नसावा, यावर पोरं दुपारपर्यंत हटून बसली.

"आपून बनवून राह्यलो ना, मंग टाकू पूल," झिंगू म्हणाला.

पहिला पूल पुठ्ठ्याचा. त्यावर दगड ठेवून पाहिला, बदकन बसला. दुसराही बसला. तेव्हा दिव्यानी म्हणाली, "खाली मयाल पाहिजे. घराच्या छपराखाली आडवी असते तशी." सायकलचे आरे सलाईनच्या नळीत ओवून त्यांनी पुलाखाली घातले. दगड ठेवला. पूल हलला नाही. पोरं एवढी नाचली की चुलीवरची खिचडी लागली तरी ठमाबाईला भान नव्हतं. बावीस वर्षांत आपल्या पोरांना कोणी न सांगता काही करताना तिने पाहिलं नव्हतं.

चंचल या सगळ्यात फारसं बोलली नाही. ती कोपऱ्यात बसून बांबूच्या काड्या बांधत होती. तिने खाट केली. पोत्याच्या दोऱ्याने विणली. वर लाल चिंधीची बाई निजवली, आणि चार झाकणांची डोकी लावून चार माणसं खाटेला जोडली. ती खाट तिने पुलावर ठेवली. मग रोज सकाळी आली की खाट हळूहळू सरकवत दवाखान्यापर्यंत न्यायची. घरी जाताना पुन्हा पुलाच्या अलीकडे आणून ठेवायची, म्हणजे उद्या नेता यावी.

ठमाबाई ते पाहायची आणि खिचडी ढवळायला वळायची.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मॅडम जीपने आल्या. मॉडेल पाहून खूश झाल्या. "पूल तर एकदम झकास! बाई, नंबर काढता तुम्ही." मग त्या वाकल्या. "आणि हे काय? तिरडी?"

"खाट होय जी. बिमार माणसाले नेतात तशी."

"काढा ती. उद्घाटनाला मोठे साहेब येणार. त्यांच्यापुढे आपणच आपली नाचक्की करायची का?"

"पोरीनं केली जी. ठेवू ना एका कोपऱ्यात."

मॅडम रागावल्या नाहीत. हसल्याच. "सेविकेसाठी तुमचं नाव मीच पाठवून राह्यली, ठमाबाई. शहाण्यासारखं करा." आणि आपल्या किल्लीच्या छल्ल्याला अडकवलेली इवलीशी लाल मोटार सोडवून त्यांनी पुढे धरली. "ही ठेवा पुलावर."

ठमाबाईने खाटेला हात घातला. चंचलने दोन्ही हातांनी खाट धरली.

"नाई! माय दवाखान्यात जाऊन राह्यली!"

"सोड, बाई माझी."

पोरगी सोडेना. ठमाबाईने तिची बोटं एकेक करून उकलली, तशी ती मनगटाला कडकडून चावली. मॅडमनी घड्याळ पाहिलं. ठमाबाईने ते पाहणं पाहिलं. आणि मग ती जे बोलली ते तिचं तिलाही आधी ठाऊक नव्हतं.

"तुही माय मेली. नाल्याच्या काठावर मेली. दवाखान्यात गेलीच नाई ती कधी. सोड आता!"

चंचलचे दात सुटले. हातही सुटले. ती रडली नाही. तिने मागे वळून बाकीच्या पोरांकडे पाहिलं, कोणीतरी नाही म्हणेल म्हणून.

"मले माहीत होतं," झिंगू म्हणाला.

"मलेबी," दिव्यानी म्हणाली.

सगळ्यांनाच माहीत होतं. प्रत्येकाला घरात बजावून ठेवलं होतं, सांगायचं नाही. आता बाईनेच सांगितल्यावर कोणाला बंधन उरलं नाही. "मेली, तुही माय मेली," एक बारकं पोरगं नवं गाणं सापडल्यासारखं म्हणू लागलं आणि दोघं-तिघं त्याच्यामागे टाळ्या वाजवत फिरू लागली. पोरंच ती. ठमाबाईने कोणाला गप्प केलं नाही.

"ती ठेवू नका कुठे, पोरं परत लावतील," मॅडम जीपकडे जाताना म्हणाल्या. ठमाबाईने खाट चुलीत घातली.

मॉडेलला पहिला नंबर मिळाला. साहेबांनी पुलावर बोट ठेवून विचारलं, "इंजिनीयर कोण?" सगळे हसले, फोटो निघाला. फोटोत ठमाबाई नव्या लुगड्यात उभी आहे आणि हाताच्या चाव्यावर तिने पदर ओढून घेतला आहे. मार्चमध्ये नेमणुकीचा कागद आला. त्यावर सेविका लिहिलं होतं. तिने तो लेकाकडून दोनदा वाचून घेतला, स्वतःला वाचता येत असून.

चंचल पुन्हा अंगणवाडीत आली नाही. सेविका म्हणून घरभेटीला जाणं भाग होतं, म्हणून ठमाबाई पोषण आहाराची पाकिटं घेऊन गेली. अंगणात अंजनाबाई मोहफुलं वाळत घालत होती. चंचल शेजारी बसून काड्या निवडत होती. ठमाबाईला पाहून ती उठली आणि घरात गेली.

"बाई," अंजनाबाई फुलं पसरता पसरताच म्हणाली, "तुमी खोटं बोल्ल्या, ते म्या सांभाळलं. पोरीले मोठी झाल्यावर सांगतलं असतं, माह्या हातानं. तुमी खरं कायले बोल्ल्या?"

पाकिटं उंबऱ्यावर ठेवून, वहीत म्हातारीचा अंगठा घेऊन ठमाबाई परतली.

पुढच्या सत्रात तिने पुन्हा घरोघर फिरून कचरा गोळा केला, पोरांपुढे ओतला आणि विचारलं, "काय बनवाचं?"

पोरं एकमेकांकडे पाहत राहिली. ढिगाला कोणी हात लावला नाही. दिव्यानीने विचारलं, "बाई, मॅडमले काय आवडते?"

ठमाबाईने थोडा विचार केला. "फुलं," ती म्हणाली.

मग पोरांनी बिस्किटांच्या पुड्यांची फुलं केली. बाईने एक करून दाखवलं होतं, तशीच सगळ्यांनी.